डिकीत मोठा सबवूफर बॉक्स: आधी डिकी, मग बॉक्स

बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात. आधी 12 इंची सब, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर घेतात, सुताराकडून बॉक्स करवून घेतात आणि तो डिकीत बसेना झाला की कटर हातात घेतात. मीही पहिल्या गाडीत हेच केलं होतं. डिकीची आतली रुंदी मोजून 92 सेंटीमीटरचा बॉक्स करून घेतला. टेललॅम्पच्या मधलं डिकीचं तोंड फक्त 88 सेंटीमीटर होतं, ते मोजलंच नव्हतं. तिरका करून घालायला गेलो तर उंची आडवी आली. 18 मिलिमीटरच्या प्लायचा, फेल्ट चढवलेला कोरा बॉक्स रिक्षात घालून परत न्यावा लागला.

त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून सात-आठ गाड्यांचं काम केलं. प्रत्येक वेळी पटत गेलं की सुतारकाम किंवा वायरिंग अवघड नाही, लोक क्रम चुकवतात. खालची मापं एक 12 इंची सब, 400 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा) मोनो, म्हणजे एका चॅनेलचा ॲम्प आणि सेडान गाडी धरून दिली आहेत.

## या गाड्यांत करू नका

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर इथंच थांबा. टाकीभोवती हवा खेळती राहायला हवी, व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचायला हवा आणि शेजारी 40-50 अँपिअरचं वायरिंग नको. "टाकीच्या पुढं बसतोय की" म्हणून बसवलेले बॉक्स मी पाहिलेत. ते बघून अंगावर काटा येतो.

हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाला असली तरी हात लावू नका. बॉक्ससाठी मागचं सीट कायमचं काढायचा विचारही सोडून द्या. आरसीत लिहिलेल्या गाडीपेक्षा तुमची गाडी वेगळी झाली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. या लेखातलं सगळं काम असं आहे की चार तासांत गाडी पुन्हा कंपनीतून आली तशी करता येते.

## 1. बॉक्सला किती लिटर लागतात ते आधी काढा

सबच्या खोक्यातल्या कागदावर सील्ड (पूर्ण बंद) बॉक्सला किती आणि पोर्टेड (हवा जायला-यायला पोर्ट, म्हणजे नळी किंवा खाच असलेल्या) बॉक्सला किती घनफळ हवं ते लिहिलेलं असतं. 12 इंची सबला साधारणपणे सील्ड बॉक्स 28 ते 35 लिटरचा आणि पोर्टेड 45 ते 65 लिटरचा लागतो. कागदावर घनफूट दिले असतील तर 28.3 नं गुणा.

हा आकडा निव्वळ असतो. सबचं चुंबक, पोर्ट, आतल्या आडव्या पट्ट्या यांनी व्यापलेली जागा त्यात धरलेली नसते. माझ्या सध्याच्या गाडीतला हिशोब सांगतो. निव्वळ 50 लिटर हवे होते. बाहेरून रुंदी 60, उंची 38, खोली तळाला 40 आणि वर 32 सेंटीमीटर, कारण सीटची पाठ तिरकी असते. सरासरी खोली 36. प्रत्येक मापातून दोन फळ्यांची जाडी 3.6 वजा केली की आत उरतात 56.4, 34.4 आणि 32.4. तिघांचा गुणाकार करून 1000 नं भागला की साधारण 63 लिटर. त्यातून पोर्टचे 8, सबचे 3 आणि पट्ट्यांचे 2 गेले. उरले 50.

नेहमीची चूक: सुताराला "बारा इंची सबचा बॉक्स" एवढंच सांगणं. तो स्पीकर बसेल असा बॉक्स देतो, वाजेल असा नाही. मापं लिहिलेला कागदच द्या.

## 2. डिकी पूर्ण रिकामी करून मोजा

रिकामी म्हणजे कार्पेट, तळाची फळी, स्टेपनी, जॅक आणि दोन्ही बाजूंचं लायनिंगसुद्धा काढून. लायनिंगच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीनं उचकटा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटल्या तर हमखास तुटतात. चारदोन जादा क्लिपा आधीच आणून ठेवा.

पुढची मापं कागदावर घ्या, डोक्यात ठेवू नका. तोंडाची सगळ्यात अरुंद रुंदी आणि उंची. दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी. तळापासून पार्सल ट्रेच्या (सीटमागं, काचेखाली असलेल्या फळीच्या) खालच्या पत्र्यापर्यंतची उंची. सीटच्या पाठीपासून तोंडापर्यंतची खोली तळाला वेगळी आणि वर वेगळी.

सगळ्यात जास्त फसवतात ते सेडानच्या झाकणाचे बाकदार हात. डिकी उघडी असताना ते वर असतात, झाकण लावलं की खाली आत येतात. मापपट्टीला हे दिसत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे कणीक. बॉक्सच्या उंचीएवढे पुठ्ठे उभे करा, हात जिथं येतात तिथं वर कणकेचे दोन गोळे ठेवा आणि झाकण सावकाश लावून उघडा. गोळा चेपला असेल तर उरलेली जाडी मोजा. मला 2 सेंटीमीटरपेक्षा कमी जागा चालत नाही, कारण खड्ड्यात गाडी आदळली की बॉक्सही उसळतो.

हॅचबॅकला हे हात नसतात. तिथं पाहायचं ते मागची काच आणि पार्सल ट्रे.

तपासा: टेललॅम्पचा बल्ब बदलायला हात जाईल एवढी जागा दोन्ही बाजूंना राहते का? बंपरच्या मागं, डिकीच्या कडेला हवा बाहेर जायच्या रबरी झडपा असतात. त्या झाकल्या जाणार नाहीत ना? झाकल्या तर पावसाळ्यात काचांवर वाफ धरते आणि दार लावताना कानावर दाब येतो.

## 3. पुठ्ठ्याचा बॉक्स करा

फ्रीज किंवा वॉशिंग मशिनचं खोकं आणा आणि ठरलेल्या मापाचा, तिरक्या पाठीसकट अख्खा बॉक्स मास्किंग टेपनं जोडा. तासाभराचं काम आहे. तो तोंडातून आत घाला, जागेवर ठेवा, झाकण लावा, पुन्हा बाहेर काढा. पुठ्ठा दबतो, म्हणून दाबून घालायचा नाही. कुठं घासला तर तिथं खूण करा.

आत जातच नसेल तर मागचं सीट पाडून दारातून जातो का पाहा. तरीही नाही गेला तर रुंदी कमी करून खोली वाढवा. लिटर तेवढेच राहिले पाहिजेत. तोंडाच्या कडेचा पत्रा कापायचा नाही आणि सीटमागचा किंवा पार्सल ट्रेखालचाही नाही. तो गाडीच्या मागच्या भागाला ताठ ठेवतो. बास आत येत नाही म्हणून पार्सल ट्रेच्या पत्र्याला भोकं पाडणारे भेटतील. सीटच्या पाठीतून आणि ट्रेवरच्या स्पीकरच्या मूळच्या भोकांतून बास पुरेसा येतो.

## 4. स्टेपनीचं काय करणार ते आता ठरवा

हा निर्णय लोक शेवटी घेतात आणि सगळ्यात जास्त पस्तावतात.

जुलै महिन्यात गगनबावड्याकडं जाताना माझं मागचं चाक पंक्चर झालं. तिकडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. स्टेपनी होती, पण तिच्यावर बॉक्स होता आणि बॉक्स आठ स्क्रूंनी तळाला आवळलेला होता. स्क्रू ड्रायव्हर घरी. मागं बायको आणि आई बसलेल्या, डिकी उघडली की पाणी आत. एका टेम्पोवाल्यानं पाना-पक्कड दिली तेव्हा अर्ध्या तासानं स्टेपनी बाहेर आली. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: गाडी थांबल्यापासून पाच मिनिटांत, कुठलंही हत्यार न वापरता, एकट्या माणसानं स्टेपनी रस्त्यावर ठेवता आली पाहिजे.

म्हणून स्टेपनी आपल्या खड्ड्यातच राहू द्या. टायर प्रेशर मॉनिटर आणि पंक्चर किट दोन्ही असलेल्या मोटारींना 2020 पासून नियमानं स्टेपनीविना चालवायची मुभा आहे. पण आंबा घाट, राधानगरी, गगनबावडा या वाटांनी कोकणात उतरणाऱ्यानं त्या मुभेच्या भरवशावर राहू नये. बाजूनं फाटलेल्या टायरला किटचा उपयोग नसतो.

## 5. तळाची फळी आणि बांधणी

बॉक्स कंपनीच्या पुठ्ठ्यासारख्या तळावर ठेवला तर महिन्यात खड्ड्यात खचतो. तिथं 18 मिलिमीटर प्लायची फळी हवी. पुठ्ठ्यावर तळाची आकृती उतरवून घ्या आणि फळी दोन तुकड्यांत करा, मागचा तुकडा झाकणासारखा उचलता येईल असा. खाली चारी कडांना पत्रा सपाट आहे तिथं लाकडी ठोकळे देऊन पातळी साधा.

फळी घालायच्या आधी डिकीचा पत्रा स्पिरिटनं पुसून त्यावर पत्र्याची थरथर शोषणाऱ्या ब्युटाइल रबराच्या शीट रोलरनं दाबून चिकटवा. पूर्ण झाकायची गरज नाही, बोटानं टिचकी मारल्यावर पत्रा ढबढब वाजतो तिथं पुरे. स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच मात्र उघडं ठेवा. पाणी साचलं तर ते काढायला तीच वाट असते.

सावधान: तळाच्या पत्र्यात वरून स्क्रू ठोकू नका. खाली काही गाड्यांत पेट्रोलची टाकी पुढं आलेली असते, शिवाय ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सर. भोक पाडावंच लागलं तर गाडी रॅम्पवर घेऊन खालून ती जागा डोळ्यांनी पाहा, मगच ड्रिल लावा. भोकाला गंजरोधक रंग, वरखाली मोठे वॉशर आणि सीलंट हवंच. सीटबेल्टचे किंवा सीटचे बोल्ट कशासाठीही वापरायचे नाहीत.

बहुतेक गाड्यांत भोकाची वेळ येतच नाही. डिकीत सामान बांधायचे मूळचे हुक असतात आणि स्टेपनी आवळायच्या आट्या असतात. त्या आट्यांतून लांब बोल्ट वर काढून फळी पंखवाल्या नटानं आवळा. लागले तर 5 मिलिमीटर पट्टीचे एल आकाराचे क्लॅम्प कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तुमच्या कागदावरच्या मापानं वाकवून, भोकं पाडून मिळतात. फळीवर बॉक्सच्या पुढं-मागं दोन लाकडी पट्ट्या बसवा म्हणजे तो सरकणार नाही, आणि वरून रॅचेटचे दोन पट्टे हुकांना आवळा. पट्टे सोडले की बॉक्स मोकळा.

बांधणीवर एवढा जोर का देतोय? सब धरून बॉक्स 28 किलो, ॲम्प आणि फळीसह सगळा ऐवज 35 किलोच्या घरात जातो. ताशी 50 किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीत एवढ्या वजनात जितका जोर असतो, तितकाच ते वजन 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून टाकलं तर येतो. समोर सीटच्या पाठीला टेकून तुमची मुलं बसलेली असतात.

तपासा: पट्टे आवळून बॉक्सला दोन्ही हातांनी जोरात हलवा. बॉक्स न हलता अख्खी गाडी डोलली पाहिजे.

## 6. बॉक्स बनवणं

एमडीएफ सपाट असतो, कापायला सोपा असतो, म्हणून सगळे तोच सुचवतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ओल्या छत्र्या, रेनकोट, भाजीच्या पिशव्या सगळं डिकीतच जातं. दोन पावसाळ्यांत एमडीएफच्या कडा चहात बुडवलेल्या खारीसारख्या फुगलेल्या मी पाहिल्यात. आयएस 710 चा शिक्का असलेला 18 मिलिमीटरचा प्लाय घ्या. महाग पडतो, पण पुन्हा बॉक्स करावा लागत नाही.

समोरची फळी दुहेरी, म्हणजे 36 मिलिमीटर; दुसरी फळी बाहेरून चढवा, म्हणजे वर काढलेले लिटर कमी होत नाहीत. जोडांना भरपूर फेविकॉल आणि दर 15 सेंटीमीटरवर स्क्रू. आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर प्लायची कड फाटते. समोरून मागं एक आडवी पट्टी आत द्या. सबच्या चुंबकामागं निदान 4 सेंटीमीटर मोकळी जागा राहू द्या. आतले सांधे फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाच्या लगद्यानं बुजवा.

सिलिकॉन वापरायचंच असेल तर एक गोष्ट पाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिडची वाफ सोडतं. ती बंद बॉक्समध्ये कोंडली तर सबच्या आतल्या धातूला आणि चिकटवलेल्या भागांना अपाय होतो. निदान 48 तास उघडं ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच सब बसवा.

तपासा: सील्ड बॉक्स असेल तर टेबलावर सब जोडून 30 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि पेटती उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून सावकाश फिरवा. जिथं हवा गळते तिथं धुराची रेघ थरथरते. हे फेल्ट चढवायच्या आधीच करायचं, एक तर नंतर गळती सापडत नाही आणि उदबत्तीनं फेल्ट जळतो.

## 7. वायरिंग

पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह काढणं. शेवटचं काम, फ्यूज घालणं. मधलं सगळं या दोहोंच्या आत.

400 वॉटचा डी-क्लास ॲम्प पूर्ण जोरात साधारण 37-38 अँपिअर ओढतो. त्याला 4 गेजची, म्हणजे 21 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि 50 अँपिअरचा फ्यूज लागतो. बाजारातल्या स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम असते. एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 45 सेंटीमीटरच्या आत. ॲम्पजवळ बसवलेल्या फ्यूजमुळं ॲम्प वाचेल, पण मधली चार-पाच मीटर वायर उघडी पडते. ती कुठं पत्र्याला घासून सोलली तर अख्खी बॅटरी त्या एका जागी पेटते. इंजिनमागच्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडं) हवंच. नुसत्या पत्र्याच्या कडेवरून नेलेली वायर आज ना उद्या कापली जाते.

पॉवरची वायर दाराच्या उंबऱ्याखालून एका बाजूनं न्या आणि आरसीए, म्हणजे स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी वायर, दुसऱ्या बाजूनं. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका.

अर्थिंगमध्ये निम्मे लोक चुकतात. रंगावरच लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) आवळतात आणि मग इंजिनचा सूर स्पीकरमधून ऐकू येतो. ॲम्पपासून 45 सेंटीमीटरच्या आत बॉडीचा जाड पत्रा शोधा, तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत करा, लग बोल्टनं आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावा. वायर पॉझिटिव्हच्याच जाडीची.

ॲम्प बॉक्सवर बसवू नका, थरथरीनं सोल्डर सुटतात. फळीच्या कडेला, चारी बाजूंनी हवा लागेल असा बसवा. बॉक्सची वायर स्पीकॉन कनेक्टरनं जोडा, डॉल्बीवाले वापरतात तोच. पिळला की सुटतो आणि उलटा लागत नाही.

तपासा: जोरात वाजत असताना बॅटरीवर आणि ॲम्पच्या टोकांवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठला तरी जोड ढिला आहे.

## 8. लावणं आणि रस्त्यावरची चाचणी

ॲम्पवरचं गेन स्टिरिओचा सिग्नल ॲम्पशी जुळवायला असतं, ते आवाजाचं बटण नव्हे. सब काढून ठेवा, 50 हर्ट्झचा सूर लावा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा आणि ॲम्पच्या स्पीकर टोकांवर एसी व्होल्ट मोजत गेन वाढवा. 400 वॉट आणि 4 ओहमला 40 व्होल्टवर थांबा. 400 गुणिले 4 म्हणजे 1600, त्याचं वर्गमूळ 40. लो-पास (त्याच्या वरचे सूर सबकडं जाऊ न देणारा फिल्टर) 80 हर्ट्झला ठेवा. पोर्टेड बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) 25 ते 30 हर्ट्झच्या दरम्यान लावायलाच हवा. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याखाली कोनला, म्हणजे सबच्या पुढच्या पडद्याला, हवेचा आधार राहत नाही आणि तो फाटेपर्यंत बाहेर येतो.

खडखड आली की लगेच बॉक्सला दोष देऊ नका. आधी नंबरप्लेट, मग झाकणातलं लायनिंग, मग जॅक आणि पाने. एकाला गाडीमागं उभं करून हातानं एकेक दाबत जायला सांगा. फोमच्या पट्टीनं बहुतेक खडखड जाते.

मग पन्हाळ्याला जाऊन या. चढ, वळणं, उतारावरचे ब्रेक सगळं त्या रस्त्यात मिळतं. परतल्यावर पट्ट्यांची जागा हलली का, अर्थिंगचा बोल्ट गरम लागतो का ते हातानं पाहा. मागं वजन वाढल्यानं हेडलाइट वर उचलले जातात, म्हणून लेव्हलर एक घर खाली आणा. शहरात रात्री 10 नंतर आणि कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या रुग्णालयाच्या, शाळेच्या, कोर्टाच्या 100 मीटरच्या आत बटण खाली. विम्याच्या कंपनीलाही नवं सामान बिलासकट कळवा, नाहीतर चोरी झाली तर सबचे पैसे मिळत नाहीत.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. पावसाळ्यात दर महिन्याला एकदा बॉक्स बाहेर काढा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून ओल आहे का बघा आणि त्याच वेळी घड्याळ लावून पाहा, स्टेपनी पाच मिनिटांत बाहेर येते का. बॉक्स रस्त्याकडेला टेकवायला ताडपत्रीचा एक तुकडा घडी घालून डिकीतच ठेवा.